बंद प्लांटला विरजण लावताना

पहिल्या दिवशी मला सांडपाण्याच्या बंद प्लांटमध्ये टोमॅटो दिसले. टाकीच्या तळाशी वीतभर जाडीचा वाळलेला गाळ, त्याला पडलेल्या भेगा आणि भेगाभेगांतून उगवलेली टोमॅटोची झाडं, लालबुंद लगडलेली. माणसाच्या पोटातून गेलं तरी टोमॅटोचं बी मरत नाही हे शिकले होते, पण असा मळाच पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. वॉचमन मामा म्हणाले, "लई ग्वाड हायत मॅडम. न्हेता का चार?"

मी नेले नाहीत. मामा मात्र तीन वर्षं खात होते आणि त्यांना काही झालेलं नव्हतं.

मी शिवाजी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलं. आता कोल्हापुरात उद्यमनगरातल्या दोन खोल्यांच्या एका कंपनीत केमिस्ट आहे. सांडपाण्याचे छोटे प्लांट चालवायची कंत्राटं आम्ही घेतो. त्या वर्षी फेब्रुवारीत साहेबांनी एक फाइल पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "बंद आहे. पावसाच्या आत चालू करून द्यायचंय." गाव पंचगंगेच्या काठचं. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, एरवी एका हाकेत अर्धं गाव जमेल एवढं. नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते नावावाचून सांगता येतं.

प्लांट २ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला वीस लाख लिटरचा. आकडा मोठा वाटतो, पण हिशोब सोपा आहे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के गटारात येतं असं मानतात. म्हणजे अठरा-एकोणीस हजार लोकवस्तीचा प्लांट. तो बांधला, फीत कापली, बांधणाऱ्यानंच पाच वर्षं चालवायचा असा करार होता तोवर चालला. करार संपला, विजेचं बिल थकलं, ऑपरेटर गेले. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. मग जुलै २०२१ चा. ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या खोलीच्या भिंतीवर मामांनी चुन्यानं दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, दोन्ही माझ्या डोक्याच्या वर. उद्घाटनाची कोनशिला मात्र स्वच्छ होती. तिच्यावरची नावं वाचता येत होती.

प्लांट बंद आहे याचा अर्थ सांडपाणी बंद आहे असा होत नाही, हे गावातल्या कोणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. पंपाच्या विहिरीच्या अलीकडे एक लोखंडी गेट असतं, बायपासचं. दुरुस्तीच्या वेळी चार तास उघडायचं म्हणून ठेवलेलं. हे गेट इतकी वर्षं उघडं होतं आणि गंजून तसंच धरलं होतं. गावाचं सगळं पाणी त्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. उन्हाळ्यात आमची नदी वाहत नाही, ती उभी राहते. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेले. प्रत्येक बंधाऱ्यामागं एक लांबट तळं, वरच्या गावाचं सांडपाणी खालच्या गावाच्या दारात. त्यावर जलपर्णीचं केंदाळ इतकं दाट की वाटतं चालत पलीकडं जावं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती हिपॅटायटिस ई ची होती. हा विषाणू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. मामांची मेहुणी त्या साथीत महिनाभर झोपून होती. ते हे सांगायचे तेव्हा समोर ओढ्यात गेटचं पाणी पडत असायचं. दोन गोष्टींचा संबंध त्यांना ठाऊक होता, फक्त तो आपल्या हातातला आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

सुरुवातीलाच एक प्रसंग घडला आणि तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. पंपाच्या विहिरीत कचरा तुंबला होता. मी पॅनेल बघत होते आणि मामांनी गावातून आणलेला एक पोरगा कमरेला दोर बांधून शिडीवर पाय ठेवत होता. मी अशी ओरडले की कंपाउंडबाहेरची म्हैस बुजली. बंद सांडपाण्याच्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. पोरगा म्हणाला, "वास तर कायबी न्हाई मॅडम." तेच तर भीतीचं होतं. मी दोरीनं गॅस मीटर खाली सोडला, तो पाच फुटांवरच किंचाळायला लागला. अशा जागी संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे हे मी त्याला सांगितलं, पण कायद्यापेक्षा त्या मीटरच्या आवाजानं त्याचा चेहरा उतरला. शेवटी सक्शन टँकर मागवला. दोन दिवस गेले आणि साहेबांनी फोनवर कुरकुर केली. करू दे.

दुरुस्तीचं सविस्तर लिहीत नाही, त्यात रस आमच्या लोकांनाच. ब्लोअरच्या मोटारी रिवाइंडिंगला उद्यमनगरात गेल्या. केबल चोरीला गेल्या होत्या, नव्या टाकल्या. कंट्रोल पॅनेलमध्ये पालींचा संसार होता. प्लांट आपोआप चालवणारा संगणक त्याच पॅनेलमधला, तो गेलेलाच होता. नवीन घ्यायला पैसे मंजूर नव्हते. जाळीवर पहिल्या आठवड्यात काय काय आलं ते मात्र सांगते: शाम्पूच्या पुड्या, निर्माल्य, एक शाळेचं दप्तर, आणि ज्या गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे त्याच्या इतक्या पुड्या की घमेली भरून काढल्या.

या सगळ्यात मला मनापासून आवडणारी एक पायरी आहे. टाकीच्या तळाला रबरी पडद्याच्या चकत्या बसवलेल्या असतात, ब्लोअरची हवा त्यातून बारीक बुडबुड्यांनी वर येते. टाकी भरण्याआधी त्या चकत्यांवर हातभर स्वच्छ पाणी सोडायचं, ब्लोअर चालू करायचा आणि कठड्यावर उभं राहून बघायचं. सगळीकडून सारखे बुडबुडे आले पाहिजेत, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसे. जिथं मोठं उकळी फुटल्यासारखं येतं तिथं रबर फाटलंय, जिथं काहीच येत नाही तिथं ते कडक होऊन बसलंय. आम्ही सकाळी सातला ब्लोअर लावला. खडूनं कठड्यावर खुणा करत मामा पुढं आणि मी वहीत लिहीत मागं. एकतृतीयांश चकत्या बदलाव्या लागल्या. दुसऱ्यांदा लावला तेव्हा सगळी टाकी एकसारखी पांढरी झाली आणि मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आसं चालायचं व्हय हो? आमाला कुणी दावलंच न्हवतं."

यंत्रं चालू झाली तरी प्लांट चालू होत नाही. हे साहेबांना, नगरपालिकेला, कोणालाच लवकर पटत नाही. पाणी साफ करणारे ब्लोअर नव्हेत. पाणी साफ करतात जिवाणू, कोट्यवधी, गाळाच्या तपकिरी पुंजक्यांमध्ये राहणारे. ते सांडपाण्यातली घाण खातात आणि ब्लोअर फक्त त्यांना श्वास पुरवतो. आमच्या टाकीत ते नव्हते, आणले पाहिजेत. एका चालू प्लांटमधला जिवंत गाळ टँकरनं आणून ओतायचा, हा मार्ग. मी मामांना हे समजावत होते, सूक्ष्मजीव, वाढ, अन्न असं काहीतरी पुस्तकी. ते मध्येच म्हणाले, "म्हंजे इरजाणच की वो!"

विरजणच. मी पुढं सगळीकडे हाच शब्द वापरला, नगरपालिकेच्या बैठकीतसुद्धा. तिथं पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे उजळले, कारण दूध तापवून भांडं गॅसवर ठेवलं म्हणून दही होत नाही हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मामांनी शेणकाला ओतायची तयारी दाखवली होती आणि काही ठिकाणी खरंच तसं करतातही. मी नको म्हटलं. शेणातला भुसा पंपात अडकतो आणि आमचे पंप आधीच म्हातारे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सहा टँकर आले, दहा-दहा हजार लिटरचे. गाळ टँकरमध्ये बंद राहिला की गुदमरतो, म्हणून पहाटे भरून तासाभरात ओतायचा. आम्ही आधीच टाकीत थोडं सांडपाणी घेऊन हवा चालू ठेवली होती. तपकिरी धार पांढऱ्या बुडबुड्यांत पडली आणि वास आला, ओल्या मातीचा, पहिल्या पावसातल्या शेतासारखा. चांगल्या गाळाचा वास असाच असतो. वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण आमच्या धंद्यात लोक टाकीवर वाकून नाकानं निदान करतात.

मग वाट बघायची. सुरुवातीला गाळ कमी आणि खाणं जास्त अशी अवस्था असते, तेव्हा टाकीवर साबणासारखा पांढरा फेस चढतो. आमचा फेस कठड्यावरून वाऱ्यानं उडून शेजारच्या उसात गेला आणि शेतकरी कोयता घेऊनच आले. त्यांची खरी तक्रार वेगळीच निघाली. इतकी वर्षं ते ओढ्याच्या पाण्यावर ऊस भिजवत होते, त्यांना खत फुकट मिळत होतं. "आता आमच्या उसाला काय?" मी म्हटलं, साफ झालेलं पाणी घ्या, त्यातही नायट्रोजन-फॉस्फरस थोडा राहतो. ते हसले. "थोडा!" या प्रश्नाचं चांगलं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

रोज सकाळी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि गाळ किती खाली बसला ते बघायचं. एवढी एक गोष्ट आली की अर्धा प्लांट कळतो. पहिल्या दिवशी गाळ ३० मिलिलिटरच्या रेघेवर, वरचं पाणी दुधट. आठवड्यानं ७०. मामांनी त्याची वही केली, लग्नाच्या आहेराच्या वहीसारखी लाल कापडी पुठ्ठ्याची. संध्याकाळी मी सूक्ष्मदर्शक काढायची. आधी नुसते शेपटीवाले, सैरावैरा पळणारे जीव दिसतात. पाणी सुधारलं की केसाळ, पोहणारे येतात. आणि गाळ वयात आला की व्हर्टिसेला येतो: घंटेच्या आकाराचा, देठावर उभा, तोंडाशी भोवरा करून जिवाणू गिळणारा, आणि धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून घेणारा. सव्विसाव्या दिवशी मला पहिला व्हर्टिसेला दिसला. मी मामांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून डोळा लावला आणि एकदम मागं सरले. "लाजतंय की ह्ये!"

पॅनेलचा मेंदू नव्हता, म्हणून आम्ही प्लांट घड्याळावर चालवला. दोन टाक्या आळीपाळीनं. एका टाकीत पाणी घ्यायचं, हवा द्यायची, मग सगळं बंद करून तासभर गाळ बसू द्यायचा, मग वरचं नितळ पाणी अलगद काढायचं. पुन्हा पहिल्यापासून. तीन पाळ्यांत तीन माणसं, भिंतीवर एक घड्याळ आणि खडूनं लिहिलेलं वेळापत्रक. साहेबांना याची लाज वाटायची, पाहुणे येणार असले की ते फळ्यावर कापड टाकायला सांगत. मला वाटायची नाही. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत जगापुढं मांडली तेव्हा तेही हेच करत होते: बाटलीत सांडपाणी भरा, हवा सोडा, बसू द्या, वरचं ओता, गाळ ठेवा, पुन्हा भरा. खालचा गाळ फेकायचा नाही, हा त्यांचा शोध. उलट हातानं चालवल्यामुळं आमच्या तिन्ही माणसांना प्रत्येक झडप कशासाठी आहे ते कळलं.

एप्रिलमध्ये माझ्या नणंदेचं लग्न होतं, गडहिंग्लजला. हळदीच्या रात्री दोन वाजता मामांचा फोन. संध्याकाळी वळीव झाला होता, झाडं पडली होती, लाइट सहा वाजल्यापासून गेली होती. जनरेटर दोन्ही पुरांत बुडलेला, नावाला उभा. हवा थांबून आठ तास झाले होते. जिवाणूंना इतका वेळ श्वास मिळाला नाही की आधी ते निपचित पडतात, मग मरायला लागतात आणि त्यांच्या जागी बिनहवेचे, सडवणारे जिवाणू उठतात. मी मेंदी लावलेल्या हातानं फोन धरून उभी आणि मामा विचारतात, "काय करू मॅडम?" मला काही सुचेना. मांडववाल्यांचे जनरेटर शोधा म्हटलं, पण जोतिबाची यात्रा आणि लगीनसराई एकदमच होती, एकही मोकळा नव्हता.

सकाळी नऊला मी पुन्हा फोन केला तर पलीकडं धडधड ऐकू येत होती. मामांनी गावातल्या डॉल्बीवाल्याला उठवून आणलं होतं. त्याच्या टेम्पोवरचा जनरेटर कंपाउंडात लावून, वायरमनला धरून ब्लोअर जोडला होता. एरवी ज्याच्या आवाजानं म्हातारी माणसं छातीवर हात ठेवतात त्या डॉल्बीच्या जनरेटरवर आमचे जिवाणू श्वास घेत होते. डॉल्बीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. कंपनीनं मात्र डिझेलचं बिल दोन महिने अडवून धरलं, पावतीवर सहा हजारांच्या पुढं "साउंड सिस्टिम" असं छापलेलं होतं म्हणून.

लग्न लावून मी तिसऱ्या दिवशी परतले. पंधरा तासांचा खाडा पडला होता. गाळ तपकिरीचा काळसर झाला होता, नळकांड्यात बसत नव्हता, वास मातीचा राहिला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली व्हर्टिसेलाचे नुसते देठ. नऊ दिवस कमी पाणी घेतलं, हवा जास्त दिली, थोडं गुळाचं पाणी घातलं आणि रोज वहीत आकडा लिहिला. दहाव्या दिवशी एक घंटा पुन्हा उघडलेली दिसली. एवढा खर्च करून उभा केलेला प्लांट एका वळवाच्या रात्रीत बंद पडतो, हे लोकांना सांगितलं तर ते यंत्राला दोष देतात. यंत्र त्या रात्री ठीकच होतं.

मे महिन्यात नमुने द्यायची वेळ आली. सांडपाण्याचा नमुना बर्फात ठेवून, साधारण चार अंशांवर, लगेच प्रयोगशाळेत न्यायचा असतो, नाहीतर बाटलीतले जीव वाटेतच घाण खाऊन टाकतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते माप म्हणजे बीओडी, जितका कमी तितकं पाणी साफ. त्याची चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांची. म्हणून गुरुवारी नमुना देऊ नये, तिसरा दिवस रविवार येतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण प्रत्येक केमिस्टला पाठ आहे. बर्फाचा प्रश्न मी मासळीवाल्या मावशींकडून सोडवला. घाटावरून रात्री कोकणातून मासळी येते, तिच्यासोबतचा बर्फ सकाळी उरतो. मावशींचं माहेर खाडीकाठचं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण भाषेत मालवणी अजून मध्येच डोकावतं.

बाटल्या बर्फात रोवताना त्यांनी विचारलं, यात काय आहे. मी सांगितलं. नाक मुरडायच्या ऐवजी त्या म्हणाल्या, "ह्यां पाणी आमच्या दर्याक येता काय?"

नाही येत. कोल्हापुरातून कोकण घाट उतरला की समोर, पण आमचं पाणी उलट्या दिशेनं जातं: पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात जाते. मध्ये अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं. आमच्या ओढ्याची घाण तिथवर जशीच्या तशी पोहोचते असं मी म्हणणार नाही, भाषणात लोक म्हणतात तसं. बरीचशी वाटेत नदीच पचवते, त्याची किंमत नदीतले मासे देतात. पुढं जातो तो विरघळलेला नायट्रोजन-फॉस्फरसचा काही वाटा, आणि वाटेवरचं प्रत्येक गाव त्यात आपली भर घालतं.

मावशींच्या माहेरची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. तिथं मध्ये नदी नाही. खाडीकाठच्या गावाचा नाला थेट खाडीत पडतो. सांडपाणी गोडं, म्हणून हलकं, ते खाऱ्या पाण्यावर पसरून राहतं. ओहोटीला बाहेर जातं आणि भरतीला परत येतं, दिवसातून दोनदा. आणि खाडीत कालवं असतात, शिंपल्यातले जीव. कालव म्हणजे एका जागी चिकटून बसलेली गाळणी. दिवसभर पाणी आत घेते, त्यातलं खाणं गाळून ठेवते, पाणी सोडते. पाण्यात विष्ठेतले जिवाणू-विषाणू असले तर तेही तिच्यात साठतात, पाण्यापेक्षा दाट. अमेरिकेत आणि युरोपात शिंपल्यांची क्षेत्रं अशा जिवाणूंच्या तपासणीवरूनच उघडी-बंद ठरतात. आपल्याकडे कालवं शिजवून खातात म्हणून थोडं निभावतं. मावशी म्हणाल्या, "आमच्या खाडीत कालवां काढूक आता कोण जाणा नाय. कोयती घेऊन बायका जायच्या, आमची आई जायची." मग बर्फाचे पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला.

त्या दिवसापासून मी आमच्या वेळापत्रकात एक बदल केला. पाणी घेताना मध्येच अर्धा तास हवा बंद ठेवायची. हवेत जिवाणू अमोनियाचा नायट्रेट करतात. हवा नसताना दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. समुद्रात शेवाळ माजवण्यात नायट्रोजनचा हात मोठा असतो, गोड्या पाण्यात बहुधा फॉस्फरसचा. आमच्या पाण्याचा समुद्र इतका लांब की हा बदल करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण ब्लोअर तेवढा वेळ बंद राहतो, वीज वाचते, म्हणून साहेबही काही बोलले नाहीत. प्लांटच्या विजेतली निम्म्याहून जास्त हवेवरच जाते.

अहवाल आला. येणाऱ्या पाण्याचा बीओडी १६०, जाणाऱ्याचा १४. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत मोठी शहरं सोडून इतरांना ३० पर्यंत मुभा होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं १० सांगितलं. म्हणजे एका मापानं पास, दुसऱ्यानं नापास. नगरपालिकेत पेढे वाटले, मी एक खाल्ला आणि गप्प राहिले. महिन्यानं तो आकडा ८ वर आला तेव्हा पेढे नव्हते. आणि नदी? ती होती तशीच होती. आमच्या वर आणि खाली किती नाले आहेत ते मोजायला मी एका रविवारी मोटारसायकलवर मागं बसून गेले होते, सतराव्या नाल्यानंतर मोजणं सोडलं. फक्त आमच्या ओढ्याच्या तोंडाशी केंदाळ थोडं विरळ झालं होतं आणि तिथं एक बगळा उभा राहायला लागला होता.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापूरकराला पाढ्यासारखं पाठ असतं. पण आमचा प्लांट त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जातो. जुलैत फोनवर दर तासाला फूट आणि इंच येऊ लागले. या वेळी आम्ही वाट बघत बसलो नाही. चेन पुली लावून ब्लोअरच्या मोटारी वरच्या गच्चीवर घेतल्या, पॅनेल सोडवलं, वही प्लास्टिकमध्ये गुंडाळली. मग ते बायपासचं गेट. मार्चमध्ये दोन दिवस ग्रीस आणि घण घालून जे बंद केलं होतं, ते मामांनी माझ्यासमोर चाक फिरवून उघडलं. आता ते सहज फिरत होतं. गावाचं पाणी पुन्हा ओढ्यात पडायला लागलं. ओढा तोवर नदीच झाला होता, कुठलं पाणी कुणाचं ते कळत नव्हतं.

टाकीतला गाळ वाचणार नव्हता. पाणी ओसरून, चिखल काढून, मोटारी खाली आणेपर्यंत पंधरा-वीस दिवस जाणार. पुन्हा टँकर, पुन्हा नळकांडं, पुन्हा पांढरा फेस. मी ते डोक्यात मांडतच कोल्हापूरला परतले.

चौथ्या दिवशी मामांचा फोन. पाणी ब्लोअरच्या खोलीच्या उंबऱ्याला लागलं होतं. मी म्हटलं, तुम्ही सुरक्षित आहात ना. ते म्हणाले, घरीच हाय, माडीवर. आणि मग जरा दबकत सांगितलं: निघताना त्यांनी दोन निळे ड्रम भरून गाळ घरी आणला होता. पोराच्या माशांच्या पेटीचे दोन पंप त्यात सोडले होते. लाइट गेली की इन्व्हर्टर.

दोन ड्रम म्हणजे चारशे लिटर. आम्ही साठ हजार लिटरचे टँकर आणले होते आणि तेही कमीच पडले होते. तेवढ्यानं काही होणार नाही हे मी सांगायला तोंड उघडलं.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्यास्नी खायला काय घालू? गुळाचं पाणी चालंल का?"

"चालेल," मी म्हटलं. "पण चमचाभरच."